टास्क मॅनेजरची बेरीज जुळत नाही: ९.६ जीबी वापरात, पण खातंय कोण?

वडाळा_पूर्व (धागाकर्ता)

घरचा डेस्कटॉप. रायझन ५, डिस्प्ले प्रोसेसरमधलाच, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ८ + ८ जीबी डीडीआर४, विंडोज ११ होम. ब्राउझरचे दोन टॅब सोडले तर काही उघडलेलं नसतं, तरी मेमरी ६५ ते ७० टक्के. मशीन रोज रात्री शट डाउन करतो, आणि सकाळी चालू केल्या केल्या आकडा तिथेच.

प्रोसेसेसमध्ये मेमरीचा रकाना उतरत्या क्रमाने लावून कॅलक्युलेटरवर बेरीज केली. जेमतेम ३.१ जीबी होते. परफॉर्मन्समध्ये मात्र हे दिसतं:

इन यूज: ९.६ जीबी, पैकी कॉम्प्रेस्ड ४१२ एमबी
अव्हेलेबल: ४.३ जीबी
कमिटेड: १२.७/१७.९ जीबी
कॅश्ड: ४.१ जीबी
पेज्ड पूल: ६१० एमबी
नॉन-पेज्ड पूल: ४.४ जीबी
हार्डवेअर रिझर्व्ह्ड: २.१ जीबी

मधली साडेसहा जीबी कुठे गेली? व्हायरस स्कॅन दोनदा झाला, काही सापडलं नाही.


चटणी_सँडविच

१६ जीबी आता पुरत नाही हो. शनिवारी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, अजून १६ टाका, विषय संपला. तोवर एखादा रॅम क्लीनर चालवा, एका क्लिकमध्ये तीन-चार जीबी मोकळी होते.


गिरणगाव

सँडविचराव, थांबा जरा. ही गळती असेल, म्हणजे घेतलेली मेमरी कोणी परतच करत नसेल, तर ३२ जीबीसुद्धा भरेल, फक्त थोडी उशिरा. आणि क्लीनरचं तर नावच नको. तो चालू प्रोग्रॅमांची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, त्यांच्या वर्किंग सेटमधून, म्हणजे रॅममधल्या त्यांच्या हिश्शातून, बाहेर ढकलतो. इन यूजचा आकडा झर्रकन खाली येतो आणि बघणारा खूश होतो. पण त्यातली बरीच पानं नुसती स्टँडबाय आणि मॉडिफाइड यादीत जाऊन बसलेली असतात. तुम्ही ब्राउझरला हात लावलात की ती परत आत यायला लागतात, आणि मधल्या वेळात डिस्कवर गेलेली असली तर वर खडखडाटही. शिवाय इथे जे फुगलंय त्याला क्लीनर हातच लावू शकत नाही.

धागाकर्ते, सगळे आकडे दिलेत हे उत्तम. नॉन-पेज्ड पूल ४.४ जीबी, या एका ओळीवर बोट ठेवा. घरगुती मशीनवर हा आकडा साधारण काही शे एमबी असतो.

आता बेरीज का जुळत नाही ते. प्रोसेसेसमधला रकाना प्रत्येक प्रोग्रॅमची खासगी आणि त्या क्षणी रॅममध्ये असलेली पानंच मोजतो. सामायिक डीएलएल (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फायली) आणि मॅप केलेल्या फायली त्यात धरत नाही, कारण धरल्या तर एकच पान दहा प्रोग्रॅमांच्या नावावर दहा वेळा लागेल. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर वगैरे हाताळणारे त्याच्याच पातळीवरचे प्रोग्रॅम, यांची मेमरी कुठल्याच प्रोग्रॅमच्या खात्यावर पडत नाही. कॉम्प्रेस्ड मेमरी ज्या प्रोसेसमध्ये असते, ती टास्क मॅनेजर यादीत दाखवतच नाही. म्हणजे ठणठणीत मशीनवरही ही बेरीज कमीच भरणार.

तुमचा हिशेब असा: प्रोग्रॅम ३.१, नॉन-पेज्ड ४.४, पेज्ड ०.६, कॉम्प्रेस्ड ०.४. झाले ८.५. उरलेली १.१ जीबी म्हणजे सामायिक पानं, पेज टेबल, कर्नल स्टॅक आणि ड्रायव्हरने अडकवून ठेवलेली मेमरी. त्यात वावगं काही नाही. म्हणजे चोर एकच आहे आणि तो ड्रायव्हरच्या मजल्यावर राहतो.


पेज_टेबल

गिरणगावांशी सहमत. थोडी भर.

नॉन-पेज्ड पूल म्हणजे कर्नलची अशी मेमरी जी पेज फाइलमध्ये, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइलमध्ये, कधीच जात नाही. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची तातडीची हाक, हाताळताना पान डिस्कवरून आणायला थांबता येत नाही, म्हणून ती कायम रॅममध्ये ठेवावी लागते. ड्रायव्हरने इथून तुकडा मागितला आणि परत करायला विसरला, तर तो गेलाच. प्रोग्रॅम बंद झाला की विंडोज त्याची सगळी मेमरी परत घेते. ड्रायव्हरच्या मागे असं झाडू मारणारं कोणी नसतं.

आणि एक शंका आहे. परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे खाली अप टाइम किती दिसतो? रोज बंद करताय म्हणता, म्हणून विचारते.


वडाळा_पूर्व

१९ दिवस ४ तास! काल रात्री अकराला शट डाउन केलंय.


पेज_टेबल

वाटलंच. फास्ट स्टार्टअप चालू आहे. यात शट डाउन दाबल्यावर तुम्ही लॉग आउट होता, तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर असलेला भाग हायबरनेट होऊन डिस्कवर लिहिला जातो. सकाळी तोच जसाच्या तसा रॅममध्ये परत येतो, गळतीसकट. म्हणून 'चालू केल्या केल्या' ७० टक्के दिसतात.

रीस्टार्टमध्ये मात्र कर्नल खरोखर नव्याने सुरू होतो. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा. कायमचं हवं असेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणांनी काय करावं ते निवडायची ओळ, मग 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला', आणि खाली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. विंडोज एसएसडीवर असेल तर चालू व्हायला लागणारे काही जास्तीचे सेकंद जाणवायचेही नाहीत.

अर्थात हा इलाज नाही. याने गळती रोज शून्यापासून सुरू होईल एवढंच. आता असं करा: रीस्टार्ट करा, दहा मिनिटं थांबा, नॉन-पेज्डचा आकडा लिहून ठेवा. मग तासभर एखादं मोठं डाउनलोड लावा आणि पुन्हा बघा. तासभर फक्त ऑफलाइन सिनेमा लावूनही बघा. कशाने वाढतोय ते कळलं की निम्मा तपास झाला.


माहीमची_खाडी

धाग्यात घुसल्याबद्दल क्षमस्व, पण प्रश्न जवळचाच आहे. माझ्याकडे उलटं होतं. ८ जीबीपैकी अडीच जीबी अव्हेलेबल दिसते, आणि तरी 'मेमरी कमी आहे' असा संदेश येऊन फोटो एडिटर बंद पडतो. हे कसं?


गिरणगाव

खाडीताई, की दादा, कमिटेडचा आकडा सांगा. आणि पेज फाइल बंद केली आहे का? एसएसडी झिजते म्हणून बंद करण्याचा सल्ला फार जण देतात.


माहीमची_खाडी

दादा. हो, बंदच आहे. कमिटेड ७.४/७.९.


गिरणगाव

तेच कारण. कमिट म्हणजे विंडोजने प्रोग्रॅमांना दिलेला शब्द: एवढी मेमरी मागितलीत, लागेल तेव्हा मिळेल. पत्रिका पाचशे वाटल्या तरी पंगतीला येतात तीनशेच, पण पाचशेच पानांची सोय असेल तर विंडोज पाचशे-एकावी पत्रिका छापत नाही. सोयीची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. तुमच्याकडे पेज फाइल शून्य, त्यामुळे मर्यादा ७.९ वर अडलेली. प्रत्यक्षात अडीच जीबी वापराविना पडून आहे, पण ती आधीच कुणाला तरी कबूल केलेली आहे.

पेज फाइल 'सिस्टम मॅनेज्ड' वर ठेवून रीस्टार्ट करा. एसएसडीची काळजी नको. ती फाइल असली म्हणजे सतत लिहिलं जातं असं नसतं. त्यातला मोठा भाग नुसता शब्दाला हमी म्हणून असतो.

पडताळा हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टम, तिथे २००४ क्रमांकाची नोंद शोधा. रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर नावाने असते आणि सर्वात जास्त कमिट खाणाऱ्या तीन प्रोग्रॅमांची नावंही देते.


चटणी_सँडविच

पण मग स्टँडबाय? रिसोर्स मॉनिटरमध्ये माझा निळा पट्टा पाच जीबीचा आहे आणि फ्रीमध्ये फक्त ९० एमबी. ते तरी रिकामं करायचं की नाही?


पेज_टेबल

नाही. स्टँडबाय म्हणजे आधी वाचलेल्या फायलींची पानं, पुन्हा लागतील म्हणून ठेवलेली. कोणाला मेमरी लागली की ती तत्काळ देऊन टाकली जाते, डिस्कवर काही लिहावं लागत नाही. अव्हेलेबल म्हणजे स्टँडबाय अधिक फ्री, आणि टास्क मॅनेजरची टक्केवारी त्यावरूनच येते. फ्री ९० एमबी दिसणं हे उत्तम लक्षण आहे. रिकामी रॅम काही कामाची नसते.

नारिंगी पट्टा म्हणजे मॉडिफाइड. तो आधी डिस्कवर लिहिल्याशिवाय देता येत नाही, म्हणून तो सतत जीबीच्या वर राहिला तर लक्ष घाला. मशीन खरंच अडतंय का हे बघायचं असेल तर त्याच खिडकीत हार्ड फॉल्ट्सचा, म्हणजे पान रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून किती वेळा आणावं लागलं त्याचा, आलेख बघा. प्रोग्रॅम उघडताना उडी मारली तर ठीक. काही न करता शेकड्यांत टिकून राहिला तर रॅम खरोखर कमी पडते आहे, तेव्हा खुशाल लॅमिंग्टन रोड गाठा.


वडाळा_पूर्व

प्रयोग केला.

रीस्टार्टनंतर: इन यूज ५.४ जीबी, ३९ टक्के. नॉन-पेज्ड २८० एमबी.
तासभर ऑफलाइन व्हिडिओ: २८५ एमबी.
तासभर डाउनलोड: ६४० एमबी. डाउनलोड थांबवल्यावर आकडा उतरला नाही.


विजय_नाही_जय

नेटवर्कचं दिसतंय. रजिस्ट्रीत एनडीयू सेवेची स्टार्ट किंमत ४ करा, सगळीकडे हाच उपाय लिहिलेला असतो.


गिरणगाव

एनडीयू म्हणजे कुठला प्रोग्रॅम किती डेटा वापरतो ते मोजणारा विंडोजचा ड्रायव्हर. दोष त्याचा असेल तर फरक पडतो, नसेल तर डेटा वापराची नोंद तेवढी हकनाक बंद पडते. अंदाजपंचे दाहोदरसे कशाला? नाव शोधून काढता येतं. त्यासाठी पूलमॉन आहे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटमध्ये, म्हणजे डब्ल्यूडीकेमध्ये, तो येतो. किट मोठं आहे, पण लागते त्यातली ही एकच छोटी फाइल. प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६ मधल्या विंडोज किट्स फोल्डरात टूल्सच्या आत सापडेल, ६४ बिटवाली घ्या. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिथून चालवा.

काळ्या खिडकीत भराभर हलणारी यादी येईल. पी दाबत राहा, टाइपच्या रकान्यात फक्त नॉनपी दिसेपर्यंत. मग बी दाबा, म्हणजे बाइट्सनुसार क्रम लागेल. सर्वात वरची ओळ बघा. चार अक्षरांचा टॅग, मग किती वेळा मागितलं, किती वेळा परत केलं आणि डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक. डाउनलोड चालू असताना डिफ चढत राहिला आणि थांबल्यावर उतरला नाही, तर तोच.

टॅगवरून फाइल काढायला सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात जाऊन फाइंडस्ट्र ही आज्ञा द्या: स्लॅश एम, स्लॅश एल, मग टॅग, मग सगळ्या एसवायएस फायली. अर्थात इंग्रजीत टंकायचं, आणि टॅगमधली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. ज्या फाइलचं नाव येईल तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सवर कंपनी आणि वर्णन असतं.

एक खाचखळगा. वरचा टॅग 'फाइल', 'टोके', 'इव्हेन', 'प्रॉक' यांपैकी निघाला तर तो विंडोजचा स्वतःचा आहे, त्यावरून ड्रायव्हर सापडणार नाही. तेव्हा टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये हँडल्सचा, म्हणजे प्रोग्रॅमने उघडून धरलेल्या गोष्टींच्या संख्येचा, रकाना जोडा. एखाद्या प्रोग्रॅमच्या नावापुढे लाखाच्या घरात आकडा असेल तर गुन्हेगार तो प्रोग्रॅम. ईटीडब्ल्यूबी आला तर कुठलंतरी लॉगिंग सत्र चालू राहिलंय असं समजा.


पेज_टेबल

पूलमॉनच्या आधी रॅममॅप चालवायलाही हरकत नाही, सिसइंटर्नल्सचं फुकट साधन आहे. यूज काउंट्स या पहिल्याच पानावर रॅमचा कप्प्या-कप्प्याने हिशेब मिळतो. ड्रायव्हर लॉक्ड फुगलेलं दिसलं तर बहुतेकदा व्हर्च्युअल मशीन चालू असतं: हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल किंवा अँड्रॉइड एम्युलेटर. तिथे गळती वगैरे काही नसते, त्या मशीनला दिलेली मेमरी असते ती. वडाळांच्या बाबतीत मात्र नॉन-पेज्ड आधीच उघडं पडलंय, तेव्हा थेट पूलमॉन.


दहिसर_चेकनाका

माझं प्रकरण हार्डवेअर रिझर्व्ह्डचं. १६ जीबी बसवलेली, सिस्टमच्या पानावर 'वापरण्याजोगी ७.९५'. हार्डवेअर रिझर्व्ह्ड ८.१ जीबी. गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं.


गिरणगाव

गेला महिना म्हणजे पाऊस सुरू झाला तो काळ. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत कॉन्टॅक्टवर पापुद्रा धरतो, आणि बोर्डाला एक पट्टी अर्धवटच वाचता येते. आधी सॉफ्टवेअरचा संशय मिटवा: एमएसकॉन्फिगमध्ये बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे मॅक्झिमम मेमरीला टिक नसावी.

मग मशीन बंद, प्लग भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. पट्ट्या काढण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबरही लोक वापरतात, चालतं, पण जोरात घासलं तर मुलामा पातळ असतो, निघतो. आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये पडला तर आणखी एक दुखणं. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, तोंडाची वाफ जाते. ब्लोअर किंवा कोरडा ब्रश बरा. पट्टी बसवताना टक् असा आवाज येऊन खटका आपोआप लागला पाहिजे. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात.

तरी तेच राहिलं तर एकेक पट्टी एकाच स्लॉटात लावून बघा, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट ते कळेल. दोन्ही पट्ट्या चांगल्या निघाल्या आणि एक चॅनलच (प्रोसेसर आणि रॅममधला मार्ग) मुका असला, तर प्रोसेसरच्या सॉकेटची पिन वाकलेली किंवा कूलर वाकडा कसलेला असू शकतो. तिथे घरी हात घालू नका.


लिनक्सवाला_आजोबा

इथे लिनक्सवालेही असतील म्हणून एकच ओळ: फ्री आज्ञेत फ्रीचा रकाना बघू नका, अव्हेलेबल बघा. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून तो अंदाज कर्नल स्वतः देतो.


विजय_नाही_जय

माझी रॅम ३२०० ची, सीपीयू-झेड १६०० दाखवतं. दुकानदाराने फसवलं का?


पेज_टेबल

नाही. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा. सीपीयू-झेड ठोका दाखवतं, डब्यावर दुप्पट छापतात. १६०० म्हणजे ३२००, बरोबर आहे. ११०० ते १३३३ च्या आसपास दिसलं असतं तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे असं म्हटलं असतं.


वडाळा_पूर्व

सापडलं. वरच्या टॅगचा डिफ डाउनलोडबरोबर चढत होता, थांबवल्यावर तसाच. फाइंडस्ट्रने एकच फाइल दिली: मदरबोर्डच्या सीडीबरोबर आलेल्या, 'गेमच्या ट्रॅफिकला प्राधान्य' देणाऱ्या सॉफ्टवेअरचा नेटवर्क फिल्टर ड्रायव्हर. कंपनीचं नाव इथे देत नाही, आवृत्ती बरीच जुनी आहे. काढून टाकायचं की नवीन घालायचं?


गिरणगाव

काढा. घरच्या राउटरवर दोन-तीन उपकरणं असताना त्याचा उपयोग शून्य. अ‍ॅप्समधून अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. मग नेटवर्क कनेक्शन्समध्ये लॅन अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजची यादी उघडून बघा. फिल्टरची ओळ कधीकधी मागे राहते, असेल तर तिथूनच अनइन्स्टॉल. नुसती टिक काढून भागत नाही, ड्रायव्हर चढलेलाच राहू शकतो. लॅनचा मूळ ड्रायव्हरही बोर्डाच्या संकेतस्थळावरून ताजा घ्या.


वडाळा_पूर्व

केलं. यादीत ओळ खरंच मागे राहिली होती, तीही काढली. तासभर डाउनलोडनंतर नॉन-पेज्ड २९० एमबी, आज संध्याकाळी ३०५. इन यूज ५.३. मनापासून आभार दोघांचेही. आता लोभ सुटलाय: हार्डवेअर रिझर्व्ह्डची ती २.१ जीबी परत मिळेल का?


पेज_टेबल

बऱ्यापैकी. ती प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी बायोसने चालू होतानाच कापून ठेवलेली आहे, विंडोजला ती दिसतच नाही. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर साइझ किंवा तशाच नावाची ओळ शोधा. बहुतेक बोर्डांवर ती अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ग्राफिक्स किंवा एनबीआयओच्या खाली असते. ऑटो असेल तर ५१२ एमबी करा. वापरण्याजोगी रॅम साडेपंधराच्या आसपास जाईल.

ब्राउझर, ऑफिस, व्हिडिओ यांना काही फरक पडणार नाही, कारण जास्त लागली तर ग्राफिक्स विंडोजकडून सामायिक मेमरी मागून घेतं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली 'शेअर्ड' म्हणून जो मोठा आकडा दिसतो ती फक्त वरची मर्यादा आहे, तेवढी अडवलेली नसते. काही गेम मात्र राखीव मेमरी बघून सुरूच व्हायला नकार देतात. घरात कोणी खेळत असेल तर १ जीबी ठेवा.